मुख्यमंत्री पदावर असतानाच गेले, तर पुढे कोण?

राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. मुख्यमंत्र्यांचं पदावर असताना निधन झालं तर उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री होतात का? नवा माणूस शपथ घेईपर्यंत राज्य कोण चालवतं? आणि राज्यपालच गेले तर? माझी नोकरी मंत्रालयात, सामान्य प्रशासन विभागात गेली. त्यामुळे उत्तर जरा पाल्हाळाने देतो.

पहिल्याचं उत्तर नाही, असं आहे. संविधानात मुख्यमंत्र्यांचा वारस कुठेही लिहिलेला नाही. पंतप्रधानांचाही नाही. राष्ट्रपतींचा मात्र स्पष्ट लिहिला आहे. कलम ६५ म्हणतं की पद रिकामं झालं की उपराष्ट्रपतींनी त्यांचं काम पाहायचं, आणि कलम ६२ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यायची. विद्यार्थी हे वाचतात आणि मुख्यमंत्र्यांनाही असंच काहीतरी लागू असेल, असं धरून चालतात. मुख्यमंत्र्यांसाठी आहेत ती कलमं १६३ आणि १६४. राज्यपालांना सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल आणि त्याच्या शिरोभागी मुख्यमंत्री असेल. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील. बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने नेमले जातील. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार राहील. तो गेला तर काय, याबद्दल अक्षर नाही. मला हे विसरभोळेपण वाटत नाही. मुख्यमंत्री टिकतो तो विधानसभेच्या विश्वासावर, आणि तो विश्वास एकाकडून दुसऱ्याकडे वारशाने जात नाही, पुन्हा मिळवावा लागतो.

दोन पद्धतींतला फरक १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात दिसला. २२ तारखेला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. गोळ्या लागल्यापासून साधारण दोन तासांत उपाध्यक्ष जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली. तिथे कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण लोकांनी दोघांना एकाच वेळी निवडून दिलं होतं. २४ तारखेला मुंबईत आपले मुख्यमंत्री दादासाहेब कन्नमवार गेले. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा चांद्याचे कन्नमवार मुख्यमंत्री झाले होते. जेमतेम वर्ष झालं होतं. पदावर असताना निधन झालेले महाराष्ट्राचे ते एकमेव मुख्यमंत्री. दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री बाळासाहेब सावंत यांचा शपथविधी झाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे तेच हे सावंत. विद्यापीठामुळे नाव सगळ्यांना माहीत, पण ते दहा दिवस मुख्यमंत्री होते हे कोकणातल्या लोकांनाही सांगावं लागतं. त्या दहा दिवसांत काँग्रेस विधिमंडळ पक्षाने नेता ठरवला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले. ते पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. सावंतांनी शांतपणे जागा मोकळी केली.

हंगामी म्हणून नेमलेल्या माणसाचे अधिकार कमी असतात का, असं हमखास विचारलं जातं. कायद्याच्या दृष्टीने संविधानात हंगामी मुख्यमंत्री असं पदच नाही. त्याने घेतलेली शपथ तीच, सहीचं वजन तेच. मोठे निर्णय घ्यायचे नाहीत हा संकेत असतो, आणि तो पाळायचा की नाही हे त्या माणसावर असतं.

दिल्लीत गुलझारीलाल नंदांनी हा संकेत दोनदा पाळला. नेहरू २७ मे १९६४ ला दुपारी गेले, नंदांनी त्याच दिवशी शपथ घेतली आणि ९ जूनला शास्त्रीजींच्या हाती कारभार दिला. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये गेले. पुन्हा नंदा. १९ जानेवारीला काँग्रेस संसदीय पक्षात उघड मतदान झालं नाही, गुप्त झालं, पण झालं: इंदिराजींना ३५५, मोरारजींना १६९. २४ तारखेला नव्या पंतप्रधानांचा शपथविधी. दोन्ही वेळा नंदांच्या वाट्याला तेरा तेरा दिवस आले.

ही घडी १९८४ ने मोडली. ३१ ऑक्टोबरला सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग येमेनमध्ये होते आणि राजीव गांधी बंगालमध्ये प्रचारात. राष्ट्रपती परत येईपर्यंत थांबायचं की उपराष्ट्रपतींकडून शपथ देऊन मोकळं व्हायचं, यावरही त्या दुपारी खल झाला. शेवटी झैलसिंग परतले आणि संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी त्यांच्याच हस्ते झाला. मधला माणूस नेमलाच नाही. त्या दिवशीची परिस्थितीच तशी होती, पण पुढे राज्यांनीही तोच कित्ता गिरवायला सुरुवात केली, जिथे तशी निकड नव्हती तिथेसुद्धा.

आता प्रत्यक्षात त्या रात्री काय होतं ते सांगतो, कारण पुस्तकात हा भाग नसतो.

मुख्यमंत्र्यांच्या निधनाबरोबर त्यांचं मंत्रिमंडळही संपलं, असं आपल्याकडे धरतात. हेही कुठे लिहिलेलं नाही, पण मंत्री त्यांच्या सल्ल्याने नेमलेले असतात, तो सल्ला देणारा राहिला नाही. म्हणून सगळ्यांना नव्याने शपथ घ्यावी लागते, कालपर्यंतचे मंत्री असले तरी. बहुमताच्या पक्षाने नेता ठरवायचा, पाठिंब्याचं पत्र राज्यपालांकडे न्यायचं. युतीचं सरकार असेल तर प्रत्येक पक्षाचं वेगळं पत्र. राज्यपालांची खात्री पटली की नेमणुकीचा आदेश निघतो. शपथेचे मसुदे तिसऱ्या अनुसूचीत आहेत, पाचवा नमुना पदाच्या शपथेचा आणि सहावा गोपनीयतेच्या. समारंभ मुख्य सचिव राज्यपालांच्या परवानगीने सुरू करतात. आधी फक्त मुख्यमंत्री शपथ घेतात, कारण ते मुख्यमंत्री झाल्याशिवाय इतरांच्या नावांचा सल्ला देऊच शकत नाहीत. मग तो सल्ला, मग मंत्री. एकाच मंचावर पाच मिनिटांच्या अंतराने हे घडतं आणि टीव्हीवर सलग एकच कार्यक्रम दिसतो, पण कागदावर ते दोन टप्पे असतात आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. नंतर राजपत्रात अधिसूचना आणि खातेवाटप. एकीकडे दुखवटा, अर्ध्यावर उतरवलेला ध्वज, अंत्यदर्शनाचा बंदोबस्त, आणि दुसरीकडे खुर्च्या मांडणं. राजशिष्टाचार शाखेतल्या माणसांना त्या रात्री दोन्ही कामं करावी लागतात.

आणि मधल्या तासांत राज्य कोण चालवतं? महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय काढून शेवटची ओळ वाचा: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. खाली सचिवाची किंवा उपसचिवाची सही असते, मुख्यमंत्र्यांची नसते. कलम १५४ प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी आहे आणि कलम १६६ प्रमाणे तो कार्यनियमावलीतून, म्हणजे शासनाचं काम कुणी कसं करायचं याच्या नियमांतून, खाली वाटला गेलेला आहे. त्यामुळे कोषागार उघडं राहतं, पोलीस आयुक्तांना कुणाला विचारावं लागत नाही, जिल्हाधिकारी पुराचं पाणी उपसत राहतात. अडतं ते फक्त मंत्रिमंडळापुढे जाणारं आणि मुख्यमंत्र्यांच्याच सहीचं काम. एक दिवस, दोन दिवस ते थांबलं तर आभाळ कोसळत नाही. म्हणून मध्यरात्री शपथविधी उरकताना राज्य पोरकं राहू नये असं कारण दिलं जातं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेत नाही. घाई बहुधा आमदारांची असते.

गोव्याचं उदाहरण बघा. मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला, रविवारी संध्याकाळी गेले. चाळीसच्या विधानसभेत तेव्हा छत्तीसच आमदार उरले होते. काँग्रेसचे चौदा, भाजपचे पर्रीकरांनंतर बारा. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) आणि गोवा फॉरवर्ड यांचे तीन तीन, तीन अपक्ष आणि राष्ट्रवादीचा एक. काँग्रेसने राज्यपाल मृदुला सिन्हा यांच्याकडे सर्वांत मोठा पक्ष म्हणून दावा केला होता. सोमवारी अंत्यसंस्कार झाले आणि मंगळवारी पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले, जे तोपर्यंत सभापती होते. सोबत दोन उपमुख्यमंत्री, सुदिन ढवळीकर आणि विजय सरदेसाई, दोन लहान पक्षांचे. २० मार्चला विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ असा मंजूर झाला. आठवडाभरात मगोचे दोन आमदार भाजपमध्ये गेले आणि ढवळीकरांना मंत्रिमंडळातून वगळलं गेलं.

उपमुख्यमंत्र्याने आपोआप मुख्यमंत्री व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हेच उदाहरण देतो. तीन आमदारांच्या पक्षाचा नेता आपोआप मुख्यमंत्री झाला असता, आणि दोघांपैकी नेमका कोण? आंध्रात २०१९ मध्ये जगनमोहन रेड्डींनी पाच उपमुख्यमंत्री नेमले होते. तिथे तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या. उपमुख्यमंत्री हे पद संविधानाला माहीतच नाही. देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १९९० मध्ये न्यायालयाने सांगितलं की तो उल्लेख केवळ वर्णनापुरता, अधिकार साध्या मंत्र्याचेच. २०२४ च्या फेब्रुवारीत उपमुख्यमंत्रिपदाविरुद्धची याचिका फेटाळताना न्यायालयाचा सूर तोच होता: पद घटनाबाह्य नाही, पण त्याला वेगळे अधिकारही नाहीत. आपल्याकडे १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले तेव्हापासून हे पद युतीची किंवा गटाची सोय म्हणून चालत आलं आहे.

घाईचं दुसरं टोक तमिळनाडूत दिसलं. जयललिता ५ डिसेंबर २०१६ ला रात्री साडेअकराला गेल्या. दोन तासांच्या आसपास, रात्री दीडच्या सुमाराला, पनीरसेल्वम यांचा आणि सगळ्या मंत्र्यांचा शपथविधी उरकला होता. भांडण टळलं का? फेब्रुवारीत जयललितांच्या निकटवर्ती शशिकलांची विधिमंडळ पक्षनेतेपदी निवड झाली, पनीरसेल्वम यांनी राजीनामा दिला, दोनच दिवसांत जबरदस्तीने घेतला म्हणून बंड केलं, आमदार एका रिसॉर्टवर नेऊन ठेवले गेले. १६ फेब्रुवारीला पलानीस्वामी आले. दहा आठवड्यांत दोन मुख्यमंत्री. त्याच राज्यात १९८७ च्या डिसेंबरमध्ये मुख्यमंत्री एमजीआर (एम. जी. रामचंद्रन) गेल्यावर नेडुंचेळियन यांच्याकडे तात्पुरता कारभार होता, तरी एमजीआर यांच्या पत्नी जानकी आणि जयललिता यांच्या गटांत पक्ष फुटला आणि जानकींचं सरकार जानेवारी संपायच्या आत राष्ट्रपती राजवटीत गेलं. तेव्हा मधला माणूस नेमला की सगळं सुरळीत होतं असा माझा दावा नाही. पक्ष दुभंगलेला असेल तर कोणतीच युक्ती चालत नाही. पण पक्ष धड असताना त्याला नेता निवडायला आठ-दहा दिवस मिळाले तर त्या निवडीला टिकाऊपणा येतो, हे १९६३ चं उदाहरण मला पटलेलं आहे.

कुणीच घाई केली नाही तर? जम्मू-काश्मीरमध्ये ते झालं. मुख्यमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद ७ जानेवारी २०१६ ला गेले. पक्षाने त्यांच्या कन्या मेहबूबांच्या नावाचं पत्र राज्यपालांना दिलं, पण त्या शपथेला तयार नव्हत्या, आधी शोकाचे दिवस म्हणाल्या. पद रिकामं ठेवता येईना, म्हणून राज्यपाल राजवट लागली. आणि शोकाचे दिवस संपल्यावर भाजपशी बोलणी इतकी लांबली की त्यांचा शपथविधी झाला ४ एप्रिलला. तात्पुरता एखादा ज्येष्ठ मंत्री नेमला असता तर तीन महिने राज्यपालांचं सरकार चालवावं लागलं नसतं. पण हंगामी माणूस खुर्चीतून उठलाच नाही तर, ही भीती प्रत्येक पक्षाला असते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येतो. निधन झालं की निदान तारीख तरी असते. मुख्यमंत्री बेपत्ता असेल, किंवा महिनोन्‌महिने रुग्णालयात असेल, तर काय?

अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू यांचं हेलिकॉप्टर ३० एप्रिल २०११ ला तवांगहून निघालं आणि दिसेनासं झालं. अवशेष सापडले ४ मे रोजी. दुसऱ्या दिवशी जारबोम गामलिन यांनी शपथ घेतली. त्यामधले दिवस चीनला लागून असलेल्या राज्याला मुख्यमंत्री होता की नव्हता? कागदावर होता. मृत्यू निश्चित झाल्याशिवाय पद रिकामं झालं असं राज्यपाल म्हणू शकत नाहीत, आणि बेपत्ता माणूस दुसऱ्याकडे काम सोपवू शकत नाही. आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर बेपत्ता झालं तेव्हा, २००९ च्या सप्टेंबरमध्ये, हा पेच एका रात्रीत सुटला. अरुणाचलात तो चार-पाच दिवस ताणला.

आजारपणाचं तर याहून अवघड. जयललिता २२ सप्टेंबर २०१६ पासून रुग्णालयात होत्या, ७५ दिवस. ११ ऑक्टोबरला राज्यपालांनी त्यांची खाती पनीरसेल्वम यांच्याकडे दिली आणि मंत्रिमंडळाच्या बैठकाही त्यांनीच घ्याव्यात असं सांगितलं. जयललिता बिनखात्याच्या मुख्यमंत्री राहिल्या. हे राज्यपाल म्हणजे आपलेच विद्यासागर राव. महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार पाहत होते. आदेशात आधार होता कलम १६६ (३) चा, आणि खातेबदल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने होत असल्याचं म्हटलं होतं. विरोधी पक्षाचे नेते करुणानिधींनी लगेच विचारलं, अतिदक्षता विभागातल्या माणसाने हा सल्ला दिला कसा? राजकारणाचा भाग सोडा, पण प्रश्न रास्त होता. त्या कलमात अशी सोय मुळात नाहीच. शासनाचं कामकाज मंत्र्यांमध्ये वाटून देण्यासाठी ते आहे. मुख्यमंत्री सल्ला देण्याच्या स्थितीत नसतील तर काय करायचं, हे त्यात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

पर्रीकरांनी २०१८ च्या मार्चमध्ये उपचारासाठी अमेरिकेला जाताना तीन मंत्र्यांची समिती नेमली, तिघे तीन पक्षांचे. पद सोडलं नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या नावावर युती टिकेल याची खात्री नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी अर्थसंकल्प मांडला तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. कुणाला त्यात जिद्द दिसली, मला त्यात युतीची लाचारीही दिसली. आपल्याकडे २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात उद्धव ठाकरे मणक्याच्या शस्त्रक्रियेमुळे सभागृहात नव्हते, तेव्हा कार्यभार दुसऱ्याकडे द्या म्हणून विरोधकांनी गदारोळ केला. कार्यभार दिला गेला नाही. तीन पक्षांच्या सरकारात तो कुणाला द्यायचा हाच पहिला प्रश्न असतो. उलट मनमोहन सिंगांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी, जानेवारी २००९ मध्ये, मंत्रिमंडळाच्या बैठका प्रणव मुखर्जींनी घेतल्या आणि गवगवा झाला नाही. विश्वासातला ज्येष्ठ मंत्री हाताशी होता आणि कुणाच्या मनात शंका नव्हती.

अमेरिकेने केनेडींनंतर पंचविसावी घटनादुरुस्ती करून, १९६७ पासून, असमर्थ अध्यक्षाची सोय लावली. अध्यक्ष लिहून देऊ शकतो की मी काही काळ काम करू शकत नाही, आणि तो लिहिण्याच्या स्थितीतही नसेल तर उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत ते लिहून देतं. आपल्याकडे एवढी मोठी दुरुस्ती लागणार नाही असं माझं मत आहे. कार्यनियमावलीत एक नियम पुरे: शपथ घेतल्यावर महिन्याभरात मुख्यमंत्र्याने एका मंत्र्याचं नाव लेखी कळवायचं, आपण ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ काम करू शकलो नाही तर बैठका हा मंत्री घेईल. प्रत राज्यपालांकडे. नाव बदलायची मुभा. कायमचा वारसा यातून कुणाला मिळणार नाही, पण बेपत्ता हेलिकॉप्टर आणि बेशुद्ध मुख्यमंत्री या दोन्ही वेळी कुणाचा तरी शब्द चालेल. नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती. कोणताही मुख्यमंत्री असं नाव लिहून देणार नाही, असं तेव्हाचे एक सहकारी म्हणत. कारण ज्याचं नाव लिहिलं त्याच्या बंगल्यावर दुसऱ्या दिवसापासून गर्दी सुरू होईल.

शेवटचा प्रश्न राज्यपालांचा. राज्यपालांना उपराज्यपाल असा वारस नसतो. कलम १६० प्रमाणे अशा आकस्मिक वेळी काय करायचं हे राष्ट्रपती ठरवतात. पूर्वी बहुधा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना बोलावत. डिसेंबर १९७६ मध्ये राज्यपाल अली यावर जंग यांचं पदावर असताना निधन झालं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी काही महिने कार्यभार पाहिला. आता बहुतेक वेळा शेजारच्या राज्याच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघंही नसतील तर काय, हे १९६९ पर्यंत ठरलेलं नव्हतं. ३ मेला झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरी काम पाहू लागले आणि मे संपायच्या आत संसदेने कायदा केला की त्यांच्याही नंतर सरन्यायाधीशांनी काम पाहायचं. जुलैत गिरी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा देऊन बाहेर पडले आणि दोन महिन्यांच्या त्या कायद्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला पस्तीस दिवस राष्ट्रपतींचं काम पाहत होते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला संमती त्यांच्याच काळातली. तोच कायदा आजही लागू आहे. २१ जुलै २०२५ ला जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपद सोडलं आणि १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांनी ते घेतलं, मुंबईच्या राजभवनातून दिल्लीला जाऊन. मधल्या साडेसात आठवड्यांत राष्ट्रपतींचं पद अचानक रिकामं झालं असतं, तर त्यांचं काम पाहायला बोलावले गेले असते सरन्यायाधीश भूषण गवई, आपले अमरावतीचे.